ज्यांची तिथी ठाऊक नाही

श्राद्धाच्या संकल्पात नाव, गोत्र आणि तिथी ह्यांचा उच्चार करावा लागतो. ज्या पितरांचे नाव व गोत्र ठाऊक आहे, परंतु तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आपल्या शास्त्रकारांनी भाद्रपद अमावास्या, म्हणजे सर्वपित्री, राखून ठेवली. शस्त्राने ज्यांचा अंत झाला त्यांच्यासाठी त्याच पक्षातील चतुर्दशी सांगितली. मरणाच्या अशा नाना प्रकारांचा विचार आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने केला होता, हे पंचांग उघडणाऱ्या कोणाही गृहस्थास दिसते. परंतु तिथीच काय, मरण आले की नाही हेच ज्याच्याविषयी ठाऊक नाही, त्याच्यासाठी घरच्यांनी काय करावे? त्याचे नाव पितरांत घ्यावे की आयुष्य चिंतावयाच्या मंडळींत घ्यावे? रणांगणावर शत्रूच्या हाती सापडला असावा, इतकेच कळले आणि पुढे काहीच कळले नाही, अशा सैनिकाच्या घरी हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. त्याचाच विचार ह्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डिसेंबर १९७१ मध्ये भारत व पाकिस्तान ह्यांच्यात युद्ध झाले. पूर्वेकडे शरण आलेले पाकिस्तानचे सुमारे ९३,००० सैनिक व नागरिक भारताच्या ताब्यात होते. जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीचा करार झाला आणि ते सर्व टप्प्याटप्प्याने आपल्या देशी परत गेले. पश्चिम आघाडीवर पकडले गेलेले भारतीय सैनिकही डिसेंबर १९७२ मध्ये वाघा सीमेवरून परत आले. परंतु परत आलेल्यांत काही जण नव्हते. १९७९ साली लोकसभेत सरकारने पाकिस्तानच्या कैदेत असल्याचा संभव असलेल्या चाळीस जणांची नावे सांगितली. पुढे ही संख्या चोपन्न झाली आणि ‘बेपत्ता चोपन्न’ हाच शब्द रूढ झाला. २०१९ साली संसदेत दिलेल्या माहितीत पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानल्या गेलेल्या बेपत्ता संरक्षण कर्मचाऱ्यांची एकूण संख्या ८३ सांगण्यात आली. आपल्या कैदेत असे कोणीही नाही, असे पाकिस्तानचे सततचे म्हणणे आहे. यादीतील प्रत्येक जण कैदेत होताच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. काहींना रणभूमीवरच वीरगती मिळाली असणे अगदी शक्य आहे. परंतु कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हेच तर कळत नाही.

ह्या चोपन्नांत एक मराठी नाव आहे : फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ते भारतीय वायुसेनेच्या ३२ व्या स्क्वाड्रनचे वैमानिक होते. युद्धाच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे ५ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानातील शोरकोट रोड येथील विमानतळावर हल्ला करण्यास ते सुखोई जातीचे विमान घेऊन गेले आणि परत आले नाहीत. त्याच महिन्यात पूर्व पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली व तीत ‘तांबे’ ह्या नावाशी मिळतेजुळते एक नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई ह्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला होता. विवाहास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्या शोध करीत राहिल्या. २००७ साली चौदा नातेवाइकांचे एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहण्यास गेले, त्यातही त्या होत्या. तेथे कोणीही सापडले नाही.

दुसरे उदाहरण मेजर अशोक सुरी ह्यांचे. त्यांना वीरमरण आल्याचे आधी कळविण्यात आले होते. पुढे त्यांच्या वडिलांना, डॉ. आर. एस. सुरी ह्यांना, मुलाच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी मिळाली व १९७५ साली कराचीहून पत्र आले. त्यात आपल्याबरोबर आणखी अधिकारी असल्याचे लिहिले होते. हस्ताक्षर तपासले गेले आणि सरकारी कागदात ‘मृत’ होते तेथे ‘बेपत्ता’ असे लिहिले गेले. तिसरे उदाहरण मेजर ए. के. घोष ह्यांचे. २७ डिसेंबर १९७१ च्या ‘टाइम’ ह्या अमेरिकन साप्ताहिकात गजांआड उभ्या असलेल्या एका कैद्याचे छायाचित्र छापले गेले व घरच्यांनी ते ओळखले. तेही परत आले नाहीत.

आता ह्याच युद्धातील एका दुसऱ्या मराठी वैमानिकाकडे पाहावे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर ह्यांचेही विमान पडले व ते कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पलायन केले. अफगाण सीमेजवळ लंडीकोतल येथे ते पुन्हा पकडले गेले. इतके धाडस करूनही डिसेंबर १९७२ मध्ये ते सुखरूप मायदेशी आले. दोघांचेही शौर्य सारखे, विमाने पाडणारा शत्रू एकच, युद्धही एकच. मग भेद कोठे पडला? परुळकरांचे नाव कैद्यांच्या नोंदीत होते. ज्याचे नाव कागदावर चढले, तो परत मागता येतो. ज्याचे चढले नाही, त्याला मागावयास गेले तर ‘असा कोणी नाहीच’ एवढे उत्तर पुरते.

म्हणूनच १९४९ च्या जिनीव्हा कराराने युद्धकैद्यांसंबंधी एक साधी, परंतु फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. कैदी छावणीत आल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याला घरी व जिनीव्हाच्या मध्यवर्ती कार्यालयास एक कार्ड लिहू द्यावे : मी अमुक, येथे आहे, माझी प्रकृती अशी आहे. लढाई थांबताच विलंब न लावता कैद्यांस परत पाठवावे, हा नियमही त्यातच आहे. परंतु त्या साऱ्या इमारतीचा पाया म्हणजे ते कार्ड होय.

आपल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटावयाचे कारण नाही. रामायणाचे एक संपूर्ण कांड वार्ता आणण्यासाठीच खर्ची पडले आहे. सुंदरकांडात लंका जिंकली जात नाही, रावण मारला जात नाही, सीतेची सुटकाही होत नाही. मारुतिराय समुद्र ओलांडून जातात ते सीता कोठे आहे व जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी. ते रामाची मुद्रिका तिला देतात आणि तिचा चूडामणी घेऊन परत येतात. इकडून खूण गेली, तिकडून खूण आली, एवढाच त्या कांडाचा व्यवहार. आणि तरी आपल्या घराघरांत पारायणास तेच कांड निवडले जाते. बंदिवानाची खबर आणणे हे सुटकेइतकेच पवित्र कार्य आहे, हे आपल्या परंपरेने किती पूर्वीच ओळखले होते!

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, “जन्मास आलेल्यास मरण निश्चित आहे, आत्मा मरत नाही, हे आपण रोज ऐकतो. मग पन्नास वर्षे एकाच आशेस चिकटून राहणे हा मोह नव्हे काय? विवेकी माणसाने क्रियाकर्म करून मोकळे व्हावे.” आमच्या मते ह्या म्हणण्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. गीतेचा उपदेश फळाची आसक्ती सोडावयास सांगतो. कर्म सोडावयास सांगत नाही. बेपत्ता माणसाचा शोध घेणे हे कर्म आहे. तो सापडणे हे फळ. जो शोध सोडून देतो आणि त्यास वैराग्य म्हणतो, त्याने फळाबरोबर कर्मही टाकले. दुसरे असे की, मृत्यूविषयीचे सारे सांत्वन मृत्यू घडला आहे हे धरून चालते. जी गोष्ट घडली की नाही हेच ठाऊक नाही, तिच्याविषयी शोक आवरावयास सांगणे म्हणजे निदान न करताच औषध देण्यासारखे आहे. आधी सत्य, मग शांती. सत्य कळल्यावाचून जी शांती येते ती बहुधा थकवाच असते.

वनपर्वातील दमयंतीकडे पाहावे. नळ तिला अरण्यात टाकून गेला. ती माहेरी पोहोचली. तेथे तिला काही उणे नव्हते. परंतु ती केवळ वाट पाहत बसली नाही. तिने देशोदेशी ब्राह्मण धाडले, प्रत्येकास नळालाच अर्थ लागेल असे बोल शिकवून पाठविले, आणि पर्णादाने आणलेल्या उत्तरावरून तो कोठे आहे हे ताडले. तिची निष्ठा तिच्या अश्रूंत होती त्याहून अधिक तिच्या युक्तीत होती. आमच्या काळच्या दमयंतीबाईंनीही अर्ज केले, तुरुंग पाहिले, अधिकाऱ्यांची दारे ठोठावली. नाव एक असावे हा योगायोग असेल. वृत्ती एक असावी हा योगायोग नव्हे.

तथापि, आशेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयास महाराष्ट्राच्या इतिहासाइतका योग्य साक्षी नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते पुन्हा कोणा आप्तास दिसले नाहीत. रणभूमीवर एक शिरविहीन देह त्यांचाच म्हणून ओळखला गेला व त्याचे दहन झाले, असा वृत्तांत काशीराज पंडिताने लिहून ठेवला आहे. परंतु पुण्यास त्याने सर्वांचे समाधान झाले नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून परत आल्या होत्या. त्यांनी पतीचा मृत्यू मानला नाही आणि १७८३ साली आपला अंत होईपर्यंत त्या सौभाग्यवतीप्रमाणेच राहिल्या. नाना फडणवीस स्वतः त्या रणातून जिवानिशी सुटले; त्यांच्या मातोश्री मात्र परत आल्या नाहीत. महाराष्ट्रात क्वचितच असे मोठे घर असेल की, ज्यात त्या दिवसानंतर एखाद्या नावापुढे प्रश्नचिन्ह राहिले नाही.

ह्या अनिश्चिततेवरच भाऊंच्या तोतयाने आपला डाव मांडला. भाऊंशी चेहऱ्यामोहऱ्याचे साम्य असलेला एक मनुष्य ‘मीच तो’ म्हणून पुढे आला. १७७६ साली कोकणातील किल्ले त्याच्या ताब्यात गेले, हजारो लोक त्याच्या मागे लागले. अखेर त्याचा पराभव होऊन पुण्यास त्याला देहदंड झाला. लोक त्याच्या मागे का गेले? ते सारेच मूर्ख होते असे नव्हे. ज्यांनी पंधरा वर्षे ‘कदाचित’ ह्या एका शब्दावर काढली, त्यांना कोणी ‘होय’ म्हणणारा भेटला. जेथे सत्य सांगितले जात नाही तेथे असत्याचे दुकान चालते. आजही बेपत्ता सैनिकांच्या घरी ‘आम्ही त्याला अमुक तुरुंगात पाहिले’ असे सांगणारे येतात. त्यांतील काही खरे बोलत असतील, काही दुःखाचा व्यापार करीत असतील. घरच्यांना ते पारखण्याचे साधन नाही. म्हणून आशेचा दोष आशा करणाऱ्याच्या माथी मारू नये. जो सत्य दडवितो, आणि जो ते शोधण्याचा कंटाळा करतो, त्यांच्याकडे तो जातो.

आशा वेडगळ ठरत नाही, ह्यासही जगात पुरावा आहे. आंद्राश तोमा नावाचा हंगेरीचा एक सैनिक दुसऱ्या महायुद्धात रशियनांच्या हाती सापडला. पुढे त्याला रशियातील एका मनोरुग्णालयात ठेवले गेले. त्याची भाषा तेथे कोणास येत नव्हती. तो हंगेरियन बोले, ते वेड्याचे बरळणे समजले गेले. २००० साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी, तो मायदेशी परत आला. अशी उदाहरणे विरळा, हे आम्ही जाणतो. १९७१ मध्ये पंचविशी-तिशीत असलेला सैनिक आज ऐंशीच्या घरात असेल. काळाचे गणित कठोर आहे. परंतु विरळा म्हणजे अशक्य नव्हे, आणि तो जिवंत नसला तरी ‘केव्हा, कोठे, कसा’ ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळण्याचा घरच्यांचा अधिकार त्याच्या वयाबरोबर संपत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शास्त्र काय म्हणते? आपल्या स्मृतिकारांनी ‘नष्ट’ आणि ‘मृत’ हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. नष्ट म्हणजे ज्याचा ठावठिकाणा लागत नाही तो. नारद व पराशर ह्यांच्या स्मृतींत स्त्रीवर पतीच्या संबंधाने येणाऱ्या पाच आपत्ती सांगितल्या आहेत. त्यांत पती नष्ट होणे ही एक आणि मृत होणे ही दुसरी. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आधार घेतला तो ह्याच पराशरवचनाचा, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यात नष्टाचा उल्लेख मृताच्या आधी येतो, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मनूने परदेशी गेलेल्या पतीची वाट पाहावयाच्या मर्यादाही घालून दिल्या : धर्मकार्यास गेला असेल तर आठ वर्षे, विद्या वा कीर्ती ह्यांसाठी गेला असेल तर सहा, आणि इतर कामनेने गेला असेल तर तीन.

त्याहून अर्थपूर्ण आहे तो उत्तरक्रियेचा विधी. बारा वर्षांपर्यंत वार्ता आली नाही तर बेपत्ता माणसाची प्रतिमा पळसाची, तीनशे साठ पानांच्या देठांची, करून तिचे दहन करावे व पुढील क्रिया करावी, असे धर्मग्रंथांत सांगितले आहे. येथपर्यंत पुष्कळांस ठाऊक असते. परंतु शास्त्रकार येथे थांबले नाहीत. हे सर्व झाल्यावर तो मनुष्य जिवंत परत आला तर काय करावे, हेही त्यांनी लिहून ठेवले : त्याला तुपात बुडवून काढावे, स्नान घालावे, जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याचा त्याच्याच पत्नीशी पुन्हा विवाह लावावा. भारतरत्न पां. वा. काणे ह्यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात ह्या विधीची माहिती संगृहीत केली आहे. आधुनिक मनास तुपातील स्नानाचे हसू येईल. आम्हांस त्यात मोठी करुणा दिसते. शास्त्रकारांनी जिवंतांच्या प्रतीक्षेस मर्यादा घातली, कारण घर चालावयाचे असते, मुले वाढवावयाची असतात, स्त्रीचे आयुष्य एका प्रश्नात जळून जाऊ द्यावयाचे नसते. परंतु परत येणाऱ्यास त्यांनी कालमर्यादा घातली नाही. बारा वर्षांनी क्रिया झाली, तरी तेराव्या वर्षी काय आणि तिसाव्या वर्षी काय, तो आलाच तर त्याला पुन्हा जन्म देण्याची सोय घरात राहिलीच पाहिजे.

आपला चालू कायदाही ह्याच धोरणाचा आहे. सात वर्षे ज्याची वार्ता त्याच्या निकटवर्तीयांस लागली नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचा भार पडतो, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सात वर्षे वार्ता नसणे हे विवाहविच्छेदाचे एक कारण मानले आहे. परंतु हे केवळ अनुमान होय. विरुद्ध पुरावा येताच ते गळून पडते. तो मेला, असे कायदा छातीठोकपणे सांगत नाही. सांगता येत नाही, म्हणून व्यवहारापुरते तसे धरून चालतो.

ह्यावरून आमचे मत असे बनले आहे की, जे कुटुंब अशा सैनिकाची उत्तरक्रिया करते ते त्याला विसरत नाही व त्याचा विश्वासघातही करीत नाही. आणि जे कुटुंब ती करीत नाही ते मोहात पडले आहे असेही म्हणता येत नाही. पार्वतीबाईंनी क्रिया नाकारली, तो त्यांचा धर्म. दुसऱ्या कोणी बारा वर्षांनी पळसाची प्रतिमा दहन करून मुलांचे विवाह उरकले, तर तो तिचा धर्म. चूक होते ती, हा निर्णय तिच्यासाठी दुसरे लोक करू लागतात तेव्हा.

ह्याचे एक विदारक उदाहरण सर्व देशाने पाहिले आहे. १९९९ च्या कारगिल संघर्षाच्या वेळी बेपत्ता झालेला उत्तर प्रदेशातील एक सैनिक २००४ साली पाकिस्तानच्या कैदेतून परत आला. मधल्या काळात तो पळून गेला असा समज पसरला होता. त्याच्या पत्नीचा दुसरा विवाह झाला होता व ती गर्भवती होती. तिने कोणाकडे राहावे ह्याचा निवाडा पंचायतीने केला आणि चर्चा दूरचित्रवाणीवर झाली. तिला पहिल्या पतीकडे जावे लागले. दोन वर्षे होतात न होतात तोच, २००६ साली, ती आजारपणात वारली. तिचे नाव आम्ही येथे घेत नाही. ते आधीच पुष्कळांनी वाजविले. आम्ही एवढेच विचारतो : त्या सर्व निवाड्यात कैदेतून आलेला सैनिक निर्दोष होता, दुसरा पतीही निर्दोष होता, ती तर होतीच. मग शिक्षा तिलाच का झाली? पाच वर्षे तिला सत्य कोणी सांगितले नाही, आणि सत्य आल्यावर निर्णय तिला करू दिला नाही. अपराध ह्या दोन जागी आहे.

राज्यसंस्थेचे कर्तव्यही ह्याच न्यायाने ठरते. ज्या हाताने सैनिक पाठविला, त्या हातानेच त्याचा हिशेब दिला पाहिजे. २०११ साली गुजरात उच्च न्यायालयाने हा विषय आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे नेण्यास केंद्र सरकारला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. दोन देशांतील प्रश्न आपसांतच सोडवावयाचे, ही सिमल्यापासूनची भूमिका त्याच्या आड येते. कायद्याची ही गुंतागुंत आम्ही जाणतो. परंतु ९३,००० बंदिवान हाती असताना जे चोपन्नांविषयी खडसावून विचारता आले असते, ते विचारण्याचे बळ नंतर कधीच आले नाही, हे कटू सत्य लपवून काय उपयोग? विजयाच्या आनंदात मोजदाद राहून गेली. आनंदाच्या वेळी मोजदाद करणे हीच खरी राजनीती होय.

आणि न्यायाचा काटा दोन्हीकडे सारखा असावा. २००८ च्या करारानुसार भारत व पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातील नागरी कैद्यांच्या व कोळ्यांच्या याद्या एकमेकांस देतात. ही लहानशी वहिवाट फार मोलाची आहे. आपल्या तुरुंगातील परक्या माणसाचे नावही असेच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. त्याचीही आई कोठेतरी आहे. जो दुसऱ्याच्या मुलाचे नाव दडवितो, त्याला आपल्या मुलाचे नाव विचारताना आवाज चढविता येत नाही.

कोणी म्हणेल, नेरडीगोंड्यासारख्या लहान गावातील मंदिराच्या पत्रिकेत ह्या थोरामोठ्यांच्या विषयाचे काय प्रयोजन? आपल्या गावाजवळून जो राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, तोच नागपूर, ग्वाल्हेर, दिल्ली करीत पानिपतावरून पुढे काश्मिरास पोहोचतो. त्या रस्त्याने सैन्याच्या गाड्या जाताना आपली मुले हात हलवितात. आदिलाबाद असो, निर्मळ असो की पलीकडचे किनवट असो, ह्या पट्ट्यातील मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या घरांतून मुले सैन्यात जात राहणार आहेत. तेव्हा ही गोष्ट परक्यांची नव्हे.

मग आपण काय करावे? मोठे काही सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. तीन लहान गोष्टी सांगतो. पहिली : ज्याची वार्ता नाही त्याच्या पत्नीस संक्रांतीच्या हळदीकुंकवास बोलवावे की नाही, हा प्रश्न आपल्या बायकांत कधी कुजबुजूनही निघू नये. तिला बोलवावे, काय लावून घ्यावयाचे ते तिचे तिने ठरवावे. किंबहुना वैधव्य आलेल्या भगिनींनाही ह्या समारंभातून वगळण्याची रूढी आता सोडून द्यावी, म्हणजे एका स्त्रीचे नशीब कोणत्या रांगेत घालावयाचे हा प्रश्नच उरणार नाही. दुसरी : अशा घरी जाऊन ‘आता विसरा’ असे सांगू नये आणि ‘तो नक्की येईल’ असेही सांगू नये. आपल्याला दोन्ही ठाऊक नाही. ‘त्याच्याविषयी सांगा’ असे म्हणावे. ऐकून घेणे पुरे. तिसरी : सर्वपित्रीस मंदिरात पितरांसाठी जे दिवे लावले जातात, त्यांच्या रांगेबाहेर एक दिवा निराळा ठेवावा. तो पितरांचाही नव्हे आणि जिवंतांचाही नव्हे. ज्यांच्याविषयी आपल्याला सांगता येत नाही, त्यांचा तो दिवा. त्याच्यापुढे संकल्पात गोत्र वा तिथी उच्चारावयाची गरज नाही. नावे उच्चारावीत, आपल्या बाजूची उच्चारावीत, आणि सीमेपलीकडच्या बेपत्तांसाठीही एक क्षण हात जोडावेत.

बंदिवानास सोडविणे आपल्या हाती नसेल. परंतु त्याचे नाव यादीतून गळू न देणे, आणि त्याची वाट पाहणाऱ्यांवर आपले मत न लादणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे. सत्य उजेडात येईपर्यंत एवढा धर्म आपण पाळावा, आणि सत्य येण्याची प्रार्थना करावी, ते कसेही असले तरी.